ताकदीची गोळी

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस माझ्या डोक्याला ताप झाला होता. आमच्या आरोग्य केंद्रात मी रक्त काढते, गोळ्या वाटते आणि दिवसभर तेच ते बोलते: तेल कमी करा, चाला, गोळी चुकवू नका. सगळे मान डोलावतात. याची मान तर सगळ्यांत जास्त डोलायची, पण कोलेस्टेरॉल काही हटायला तयार नाही.

"लोकांना वरखाली नेता, तुमचं एवढं एक खाली येईना?" मी एकदा टोचलंच.

"वायरिंग जुनं झालंय सिस्टर," तो हसून म्हणाला.

डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. तरी रिपोर्ट आणखी बिघडला. जिना चढताना छातीत दाटतं, असंही तो सहज बोलून गेला. मला भीती वाटली आणि रागही आला. माणसानं कानीकपाळी ओरडायचं तरी किती?

पुढच्या खेपेला तो बायकोला घेऊन आला. ती घरी शिवणकाम करायची. तिची आई आणि थोरली बहीण, दोघीही हार्ट ॲटॅकनं बोलता बोलता गेलेल्या. तरी तपासणीचं नाव काढलं की ती म्हणायची, "तपासलं की काहीतरी निघतंच." त्या दिवशी मात्र पायांनीच तिला आणलं होतं. मांड्या आणि पोटऱ्या इतक्या ठणकत होत्या की शिलाई मशीन चालवणं जमत नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाला असेल महिना. हे रोज रात्री ताकदीची गोळी हातावर ठेवतात, तरी ही गत. आता तर दोन-दोन देतात."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत बसला होता.

"तुमच्या गोळ्या हिला देता?"

"ही इथं यायलाच तयार नव्हती," तो हळूच म्हणाला. "तिच्या आईचं, ताईचं झालं तसं हिचं झालं म्हणजे? माझं काय, मी दणकट आहे."

बायकोचा चेहरा पडला.

डॉक्टरांनी लगेच त्याचा ईसीजी काढला. त्याला एक झटका आधीच येऊन गेला होता, त्याला कळलाही नव्हता. मोठ्या हॉस्पिटलात आजच्या आज जा, असं त्यांनी सांगितलं. पाय त्या गोळीनंच दुखत असणार, तेव्हा बायकोची गोळी आजपासून बंद, असंही म्हणाले.

"बंद केली आणि हिला काही झालं तर?" त्यानं विचारलं. छातीवर अजून ईसीजीचा जेल तसाच होता. मला त्याला चांगलं झापायचं होतं, पण मी जेल पुसायला कापूस त्याच्या हातात दिला. बाहेर रांग वाढत चालली होती आणि मी पार थकले होते.

बायको उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि बाही वर सारून हात पुढे केला.

"काढा रक्त. काय निघायचं ते निघू दे. लागली तर माझी वेगळी गोळी द्या, म्हणजे हे स्वतःची तरी खातील."