काचेच्या खोलीतलं भाषण

लेखिकाबाई पुरस्कार घेऊन माईकसमोर उभ्या राहिल्या, पर्स उघडली आणि ती चाचपतच राहिल्या. भाषणाचे कागद घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर!

पुरस्कार अनेक भाषांमधल्या लेखकांचा, त्यामुळे जो तो आपल्याच भाषेत बोलत होता. मागे काचेच्या खोलीत बसलेला दुभाषा ते श्रोत्यांच्या हेडफोनमध्ये पोचवत होता. त्याच्याशिवाय बाईंची भाषा कळणारा सभागृहात एकच माणूस होता, पहिल्या रांगेतला नवरा. तो दिसला आणि बाईंचा तोल सुटला.

"अहो, कागद घरी राहिले! तुमची ती मेली घाई! आणि गॅस बंद केला का हो मी? वर दूध होतं. घर जळलं तर हे सन्मानचिन्ह ठेवू कुठे, तुमच्या डोक्यावर?"

लोक गहिवरले. बाई आणखीच भांबावल्या आणि तोंडाला येईल ते बोलत सुटल्या. लोक मध्येच हसले, एका आजोबांनी डोळे पुसले, शेवटी अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

बाई खाली उतरताच दुभाषा धापा टाकत आला.

"बाई, भाषण तुम्ही आधीच पाठवलं होतंत, मी तेच वाचलं. फक्त मी संपवेपर्यंत तुम्ही गप्प बसू नये, म्हणून देव पाण्यात घातले होते!"

बाईंच्या जिवात जीव आला, पण अर्धाच. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"गॅस मी निघतानाच बंद केलाय," तो म्हणाला. "पण तू इतकी रंगात आली होतीस, मध्ये कसं बोलणार?"