मी ‘हात लावू नये’

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, अशी दिसायची नाही मी. मी वस्तू नाही, प्राणी तर नाहीच नाही. मी एक मांडणी आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरणारी माणसं आपापली पॅनलं, म्हणजे कामाच्या छोट्या खिडक्या, हाताला येतील तशी लावतात. रंग इथे, अक्षरं तिथे, लेयर त्या कोपऱ्यात. मग या लावालावीला एक नाव देऊन ती सेव्ह करून ठेवतात. स्वयंपाकघरात कुठला डबा कुठल्या फळीवर, हे जसं एकीचं ठरलेलं असतं ना, तसंच हे. माझं नाव ‘हात लावू नये’. ठेवणाऱ्या बाईंना जे म्हणायचं होतं ते त्यांनी सरळ म्हटलं.

त्या बाई म्हणजे या घरातल्या सासूबाई. घराच्या पुढच्या खोलीत त्या डब्यांची आणि बाटल्यांची लेबलं करतात. एकोणीस वर्षं झाली. माझा जन्म झाला तो एका डागामुळे. त्यांच्या जुन्या स्क्रीनवर उजवीकडे वर एक काळा डाग पडला. आधी तिळाएवढा होता, बघता बघता तळहाताएवढा झाला. स्क्रीन बदला, असं सगळ्यांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “बाकीची चांगली आहे की. एका डागासाठी कोणी सोन्यासारखी वस्तू टाकतं का?” आणि त्यांनी अकराच्या अकरा पॅनलं त्या डागाला वळसा घालून बसवली. तीच मी. माझ्या अंगात मधेच एक भोक आहे ते त्यामुळे.

पुढे घरात सून आली. तीही डिझाइन शिकलेली. मुलगा दूर नोकरीला, त्यामुळे घरात एक कॉम्प्युटर आणि दोघी. सकाळी सासूबाई, दुपारनंतर सून. सुनेला ओळी सरळ करायचं अलाइनचं पॅनल लागायचं. माझ्यात ते नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, ओळ सरळ आहे का हे बघायला डोळे दिलेत. म्हणून सून रोज अलाइन बाहेर काढायची, काम झालं की पुन्हा मिटवून ठेवायची. पाहुणे गेल्यावर सतरंजी गुंडाळावी, तशी. वर्षभर तिनं मला बोटही लावलं नाही. मला तिचा अभिमान वाटायचा आणि थोडी कीवही यायची.

मग मुलानं मोठी नवी स्क्रीन पाठवली. डाग गेला. माझं भोक मात्र राहिलं. चकचकीत काचेवर मधेच तळहाताएवढी मोकळी जागा. कोणी विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, “असू दे, तिथे काही ठेवलं की मला उगाच शोधल्यासारखं होतं.” माणसाला एकदा अडचणीची सवय लागली की अडचण गेल्यावर करमत नाही, हे मी तेव्हा शिकले.

आता त्या मंगळवारचं सांगते. सून छपाईच्या कारखान्यात नमुने तपासायला गेली होती. सासूबाईंना बूट पॉलिशच्या डबीवर एक अक्षर दुरुस्त करायचं होतं. त्यांनी सॉफ्टवेअर चालू केलं आणि हातातली कागदाच्या नमुन्यांची जाडजूड वही कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवली. त्या कोपऱ्यातली तीन बटणं वहीखाली एकदम दाबली गेली. आमच्याकडे त्याचा अर्थ फार वाईट असतो. सॉफ्टवेअरनं अदबीनं विचारलं, “सगळ्या सेटिंग काढून टाकायच्या का?”

सासूबाईंचा चष्मा डोक्यावर होता. त्यांनी ‘हो’ दाबलं.

मला माणसांचं हे कोडं सुटलेलं नाही. पिठाचा डबा घेताना झाकण उघडून वास घेणारी ही बाई. दाराची कडी लावली की नाही हे तीनदा उठून बघणारी. पण स्क्रीनवर प्रश्नाची चौकट आली की न वाचता ‘हो’. आणि ही एकटी नाही, सगळेच तसे.

मी मेले नाही. सॉफ्टवेअर पुसण्याआधी सगळं उचलून एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये टाकतं आणि त्या फोल्डरवर तारीख-वेळ लिहितं. तिथे मी पडले. शेजारी बंद पडलेल्या फॉन्टांची एक यादी होती, ती दिवसभर स्वतःलाच वाचून दाखवायची. स्क्रीनवर असते तेव्हा मला काचेतून बाहेरचं दिसतं. अडगळीत दिसेना, पण माइक उघडा होता, त्यामुळे ऐकू सगळं यायचं.

सून परत आली तेव्हा खोलीत भडका उडालेला होता.

“तुझं ते अपडेट!” सासूबाई म्हणाल्या. “सकाळी तूच केलंस ना? गेलं सगळं.”

“अहो आई, अपडेटनंतर तुम्हीच दोन तास काम केलंत की.”

“मग उशिरा लागू पडलं असेल. औषधं नाही का उशिरा लागू पडत?”

मी आतून ओरडत होते, “वही! वही ठेवलीत!” ऐकणार कोण? फॉन्टांची यादी म्हणाली, “हळू बोल, मी मोजतेय.”

तो दिवस आणि दुसरी सकाळ फार वाईट गेली. सासूबाईंचा हात लाल रंगाकडे जायचा आणि तिथे कुठलंतरी परकं पॅनल निघायचं. त्यातून एक चौकट वर यायची, “नवीन आहात का? चला, शिकूया!” एकोणीस वर्षं लेबलं केलेल्या बाईला! तिसऱ्यांदा ती चौकट आली तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हे यंत्रच म्हणतंय मला काही येत नाही म्हणून. घे बाई खुर्ची. यापुढे तूच बघ.”

“आई, असं काय करता?”

“माझी उशी घेऊन जाते.”

खुर्चीवरची उशी उचलली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला कळलं. वर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं फोनवर सांगितलं, “काळजी करू नका हो, शुक्रवारी सकाळी येतो, सगळं पुसून नव्यानं टाकतो.” सगळं म्हणजे मी धरून. शुक्रवारपर्यंत मला कोणी शोधलं नाही तर मी संपले, आणि त्या उशीला पुन्हा खुर्ची दिसायची नव्हती. मला खरंच रडू आलं. फाइलला रडता येत नाही, ती फक्त काही अक्षरांनी मोठी होते. तेवढी मी झाले.

बुधवारी दुपारी सासरे मैदानात उतरले. हा माणूस आयुष्यभर सरकारी मोजणीदार होता. शेतांच्या हद्दी मोजून शेकडो भाऊबंदांची भांडणं मिटवलेला, निदान तसं तो सांगतो.

“हद्द हरवत नसते,” ते म्हणाले. “खुणा काढाव्या लागतात. आण टेप.”

सासूबाईंना समोर बसवलं आणि डोळे मिटायला लावले. कुठलं पॅनल कुठे होतं ते त्यांनी हवेत बोट करून दाखवायचं, सुनेनं त्या जागी काचेवर गोल स्टिकर लावायचा, आणि सासऱ्यांनी खालच्या कडेपासून उंची मोजून वहीत लिहायची.

“अक्षरं?”

“इथे.”

“लेयर?”

“हे असे, खाली.”

“लाल रंग?”

“हा इथे. झोपेतसुद्धा सांगेन.”

सून म्हणाली, “बाबा, इथे भिंत येतेय.”

सासूबाई बिनउशीच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यात वर डोळे मिटलेले, म्हणून सगळा हिशेब सरकला होता. पण सासरे अनुभवी. त्यांनी सुनेला भिंतीवर स्टिकर लावायला सांगितला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, “लाल रंग हद्दीबाहेर. भिंतीत अतिक्रमण.”

“आणि इथे वर, उजवीकडे काय?”

“तिथे काही नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“काही नाही म्हणजे काय? जागा तर आहे.”

“डाग होता तिथे.”

“आता आहे?”

“नाही.”

“मग जागा कोणाची?”

“अहो, कोणाची असणार? कोणाचीच नाही.”

“पडीक,” सासऱ्यांनी लिहिलं, आणि सुनेची पंच म्हणून सही घेतली.

संध्याकाळपर्यंत रंगीत पेन्सिलींनी काढलेला नकाशा तयार झाला. गोवर आलेल्या पोरासारखी ती स्क्रीन दिसत असणार. नकाशा अप्रतिम होता म्हणे, फक्त तो सॉफ्टवेअरला वाचता येत नव्हता. सासूबाईंची पावलं आत गेली. स्टिकर खरवडता खरवडता सुनेनं विचारलं, “बाबा, जमिनीचा कागदच हरवला तर तुम्ही काय करायचात?”

“कागद हरवतो, पण त्याची जुनी प्रत दप्तरात पडलेली असतेच. जाऊन बघत नाही कोणी, एवढंच.”

सुनेचं खरवडणं थांबलं.

गुरुवारी दुपारी ती कामाला लागली. लपवलेले फोल्डर दिसायला लावले, सॉफ्टवेअरचं दप्तर एकेक करून उघडलं. आणि एकदम उजेड झाला. माझं फोल्डर स्क्रीनवर होतं आणि मला दोन दिवसांनी तिचा चेहरा दिसत होता. तिनं माझं नाव वाचलं, हसली. मग फोल्डरवरची वेळ वाचली. मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

मंगळवारी तीनला ती कारखान्यात होती. तिथल्या शाईचा डाग तिच्या नखावर अजून होता. घरात कोण होतं ते तिला ठाऊक होतं. तिचं हसू गेलं. दोन दिवस ती बोलणी खात होती, आता तिच्या हातात लेखी पुरावा होता. मी श्वास रोखला. सासूबाई दारातच उभ्या होत्या, बिनचष्म्याच्या.

“सापडलं का काही?”

सुनेनं झटकन फोल्डरची खिडकी मिटली. “सापडली, आई! अपडेटनंच घोळ घातला होता. तुम्ही म्हणालात तसंच, उशिरा लागू पडलं.”

तिनं मला माझ्या जुन्या जागी नेऊन ठेवलं आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. मी उलगडले. अकराच्या अकरा पॅनलं, ते भोक, सगळं जिथल्या तिथे. सासूबाई आत गेल्या, उशी घेऊन आल्या, ती खुर्चीवर ठेवून बसल्या. हात लाल रंगाकडे गेला. लाल रंग होता. डबीवरचं ते अक्षर त्यांनी दोन मिनिटांत दुरुस्त केलं. मग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, “तीन वाजून दहा मिनिटांनी नमुन्यांची वही मी ठेवली होती कीबोर्डवर. काहीतरी विचारलं त्यानं. मी हो म्हटलं.”

“असं का? मला काय माहीत,” सून म्हणाली.

“माहीत आहे तुला. चष्मा मला जवळचं वाचायला लागतो. दारातून स्पष्ट दिसतं.”

मग सासूबाईंनी मेनू उघडला आणि अलाइनचं पॅनल बाहेर काढलं. ज्या पॅनलकडे एकोणीस वर्षांत वळून बघितलं नव्हतं, ते! ओढत ओढत त्यांनी ते आणलं आणि माझ्या भोकात सोडलं. चपखल बसलं. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू?

“आई, तुम्हाला कुठे लागतं ते?”

“मला नाही लागत, मला डोळे आहेत. तुझं राहू दे तिथे. रोज काढ-घाल कशाला करतेस?”

सासऱ्यांनी लगेच नकाशा काढला, चष्मा पुसला आणि खोडून नव्यानं लिहिलं, “पडीक क्षेत्र सुनेच्या नावे. कोणाचीही हरकत नाही.” या वेळी पंच म्हणून सासूबाईंची सही घेतली.

शुक्रवारी दुरुस्तीवाला पुसायला आला. त्याला पाणी देऊन परत पाठवलं. आता मी रोज सकाळी एकीसमोर आणि दुपारी दुसरीसमोर उलगडते. माझी एक प्रत सुनेनं वेगळी काढून ठेवली आहे. दोन ठिकाणी असण्याची सवय व्हायला वेळ लागतोय. भिंतीवरचा लाल स्टिकर अजून तिथेच आहे, काढायचा सगळे विसरले.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे माझी कोणी बहीण असेल तर तिची एक प्रत ठेवा, आणि चौकट आली तर ‘हो’ म्हणण्याआधी चष्मा लावा.

आणि हो, त्या गुरुवारी मला नव्यानं सेव्ह करताना सॉफ्टवेअरनं नाव विचारलं. सासूबाईंनी या वेळी चष्मा डोळ्यांवर घेतला, प्रश्न दोनदा वाचला, आणि एकेक अक्षर शोधत माझं जुनं नाव पुसून नवं लिहिलं. मेनूत बघा, सगळ्यात वर आहे मी. ‘हात लावला तरी चालेल’.