एकाच किटलीतला चहा

मित्रांनो, माझ्या तोटीचा टवका उडालाय आणि झाकण दुसऱ्याच किटलीचं आहे. लीड्समधल्या बिस्किटांच्या कारखान्यात, चहाच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. जमैकाची अर्नेस्टीन आणि लीड्सचीच गोरी विनी शेजारी शेजारी बिस्किटं भरायच्या आणि सुट्टीत माझ्यातला चहा प्यायच्या.

"अगं, मुरू दे जरा," अर्नेस्टीन म्हणायची. "गढूळ पाणी प्यायला नाही आले मी या थंडीत."

एकदा सुट्टी संपल्याचा भोंगा होऊन गेला तरी दोघी बसलेल्याच. पिकर्सगिल साहेब दारात आले. "पुन्हा नको हं, विनी," ते हसून म्हणाले. अर्नेस्टीनला मात्र कामावरूनच काढलं.

युनियनच्या हेझेलबाईंनी विचारलं, "रंगावरून काही बोलले का?"

"छे. गोडच बोलतात," अर्नेस्टीन म्हणाली.

"तोंडाने कोण कबूल करतं, बाई? दोघींना शेजारी ठेवून दाखवायचं. तोच उशीर, तेच साहेब, वागणूक वेगळी. मग कारण सांगायची पाळी त्यांची. पण विनी, साक्ष तुला द्यावी लागेल."

विनी कपात बघत राहिली. "मला नाही आठवत."

मित्रांनो, माझ्यातला चहा निवला नव्हता, पण मी गारठले. तिला नोकरीची भीती होती, हे कळत होतं. तरीही.

सुनावणीच्या सकाळी विनीने मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं. "चल गं म्हातारे, एकटीला धीर होत नाही."

कामगार न्यायाधिकरणात साहेबांचे वकील म्हणाले, "अर्नेस्टीनबाई मुद्दाम रेंगाळल्या."

विनी उभी राहिली. "रेंगाळले मी. दुसरा कप मी ओतून घेतला. ती माझ्यासाठी थांबली होती."

न्यायाधीशबाईंनी साहेबांना विचारलं, "मग विनीबाईंना का नाही काढलंत?"

साहेबांनी टाय सारखा केला. "त्यांना कसं काढणार? विनी म्हणजे आपली विनी."

आपण काय बोललो, हे साहेबांना सगळ्यांत शेवटी कळलं.

अर्नेस्टीन जिंकली. कारखान्यात मात्र परतली नाही. मला घरी घेऊन गेली. रविवारी विनी येते.

मित्रांनो, टवका उडालेली किटली टाकू नका, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्यासाठी थांबलेल्या माणसावर आळ आला, तर 'मला नाही आठवत' म्हणू नका.