कोसाडचा कुटुंबप्रमुख

मी धुडकूच्या गळ्यातला पट्टा बोलतोय, आणि दबकत बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पट्टा म्हटलं की लोक नाक मुरडतात. गुलामीची खूण म्हणे! म्हणोत बापडे. त्यांनी मला कधी गळ्यात घातलेलं नाही.

माझं कातडं म्हशीचं, पण माझी उमेदीची वर्षं गेली सुरतेच्या एका खात्यात. खातं म्हणजे कापड विणायचे साचे, म्हणजे यंत्रमाग, चालतात ती शेड. साच्यावर आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे पळताना दिसतो ना, तो काही हौसेनं पळत नाही. एक लाकडी दांडा त्याला टोला देतो आणि त्या दांड्याला हिसका देतो चामड्याचा पट्टा. तो मी. मिनिटाला शंभराच्या वर हिसके, दिवसपाळी आणि रातपाळी धरून. सुरतेच्या किती बायकांच्या अंगावर माझ्या मेहनतीच्या साड्या असतील, देव जाणे. आभार मानायला मात्र एकीलाही सवड झाली नाही.

माझा साचा चालवायचा राघो. दोंडाईच्याकडचा. विशीत सुरतेला आला आणि वीस वर्षं त्याच खात्यात राहिला. साच्यांच्या खडखडाटानं त्याचे कान गेले. त्यामुळे तो घरीदारी, बाजारात, देवळात, सगळीकडे साचा चालू असल्यासारखा ओरडूनच बोलायचा.

एक दिवस माझं एक टोक उसवलं. राघोनं नवा पट्टा चढवला आणि मला शेडच्या मागच्या चिंध्यांच्या ढिगावर टाकलं. तिथे एका कुत्रीनं चार पिल्लं घातली होती. आठवड्याभरात मालाच्या टेम्पोखाली तीन गेली, कुत्रीही गेली. चौथं डावा कान फाटलेला घेऊन माझ्या अंगावर येऊन निजायचं आणि मला चावायचं. राघोनं ते पिल्लू उचललं तेव्हा पिल्लाच्या तोंडात मी होतो. म्हणजे मला कुणी निवडलं असेल तर ते कुत्र्यानं, माणसानं नव्हे.

राघोचं घर कोसाडला, वसाहतीतली एक खोली. बायको धुरपदाबाई, मुलगी हर्षदा. हर्षदाच्या पाठीवरची दोन लेकरं वर्षाची होण्याआधी गेली होती. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथे पुढच्या लेकराला कुणाला नकोसं वाटेल असं नाव द्यायची त्यांच्याकडची रीत आहे, म्हणजे मृत्यूही तिकडे ढुंकून पाहत नाही. पुढचं लेकरू काही झालं नाही. आलं ते हे पिल्लू. धुरपदाबाईनं त्याला पदराखाली घेतलं आणि नाव ठेवलं धुडकू. धुडकं म्हणजे चिंधी. शेजारी हसले. ती हसली नाही, कारण तिनं गंमत केलीच नव्हती.

पिल्लू मोठं झालं. राघोनं माझं उसवलेलं टोक कापलं, तापल्या खिळ्यानं भोकं पाडली, हर्षदाच्या जुन्या दप्तराचं बक्कल बसवलं आणि मला धुडकूच्या गळ्यात बांधलं.

त्याच सुमारास वसाहतीत नवी रेशनकार्डं द्यायला एक माणूस घरोघर फिरत आला. दारातूनच त्यानं विचारलं, "घर में खानेवाले कितने?" धुरपदाबाईनं सरळ उत्तर दिलं. राघो, ती, हर्षदा, धुडकू. "धुडकू की उमर?" "दोन." त्यानं लिहिलं आणि तो पुढच्या दाराला गेला. मी आणि धुडकू खाटेखाली होतो. हर्षदा शाळेत होती, राघो खात्यात. कार्ड गुजरातीत. हर्षदा महिन्याभरानं वाचायला बसली आणि पोट धरून हसली. चौथ्या ओळीत होतं, धुडकू राघो, मुलगा, वय दोन. मग कोण जाणार ते दुरुस्त करायला? गेलं तसंच पडून.

दोन वर्षांनी, पंचाण्णव साली, शेठनं जुने साचे भंगारात काढले. नव्या साच्यांना बहिरा माणूस नको होता. राघोनं ठरवलं, गावी जायचं, कायमचं. खोली शनिवारी सोडायची. गाडीही शनिवारचीच, सुरतेहून नवापूर, नंदुरबार करत दोंडाईच्याला जाणारी. आणि लगेच आख्खी वसाहत शहाणपण शिकवायला दारात हजर झाली. कुत्र्याला कुठे नेता? सोडून द्या. इथे उकिरडे काय कमी आहेत? परराज्यात कुत्रं न्यायला कागद लागतात, डॉक्टरचा दाखला लागतो, रेल्वेची पावती लागते.

"लागतस ते करसू," धुरपदाबाई म्हणाली आणि पोळपाट-लाटणं गोणीत भरायला लागली.

हर्षदा स्टेशनवर जाऊन विचारून आली. कुत्रा डब्यात बसत नाही. गार्डच्या डब्यात त्याच्यासाठी लोखंडी जाळीचा खण असतो, त्यातून जातो. त्याला सुई टोचलेली हवी, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा, आणि गळ्यात मजबूत पट्टा व साखळी हवीच, नाहीतर घेत नाहीत. ऐकलंत? हवीच! मला गुलामीची खूण म्हणणाऱ्यांनी हा नियम जरा कान देऊन ऐकावा.

शुक्रवारी सकाळी आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत पुढे कामरेज गावची एक म्हैस होती, तिनं धुडकूला हुंगलं आणि तोंड फिरवलं. सुई महिन्यापूर्वीच झाली होती. डॉक्टरांनी डोळे, दात, कातडी पाहिली, मला बाजूला सारून गळाही पाहिला. मग ते लिहायला बसले.

"मालिक का नाम?"

राघोनं छाती भरून खात्याच्या शेठचं नाव सांगितलं. वीस वर्षांत ज्या ज्या कागदावर मालकाचं नाव विचारलं, तिथे त्यानं तेच सांगितलं होतं. हर्षदानं कपाळावर हात मारला आणि त्याच्या कानाशी ओरडली, "बाबा, धुडकूना मालक! तुम्हीच!" राघो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं आपलं नाव सांगितलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, आणि डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं.

दाखला झाला. एक काम उरलं, रेशनच्या कचेरीतलं. राज्य सोडताना कार्डावरची नावं कमी करून तसा कागद घ्यावा लागतो. तो नसेल तर गावाकडे नवं कार्ड नाही. कार्ड नाही म्हणजे गहू नाही, साखर नाही, रॉकेल नाही. हाताला काम नसलेल्या घरात त्या कागदाची किंमत मी सांगायला नको.

धुडकू आमच्याबरोबरच होता. रांग सरकत गेली. टेबलामागचे साहेब वयस्क, चष्मा नाकावर. माणूस वाईट नव्हता, हेही सांगून टाकतो. त्यांनी कार्ड उघडलं, तीन नावं वाचली आणि चौथ्यावर बोट ठेवलं.

"बेन, आ चोथो क्यां छे?"

हा चौथा कुठाय, याचं उत्तर हर्षदा जुळवायच्या आत धुरपदाबाईनं साखळी वर उचलली. साखळीबरोबर मी, आणि माझ्याबरोबर धुडकूची मान टेबलाच्या वर आली. "हाऊ काय," ती म्हणाली.

कचेरी हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. कुत्र्याचं नाव कार्डावर? दोन वर्षं चौथ्या माणसाचं रेशन उचललंत? गुन्हा आहे हा, कळतं का?

"त्यानी वाटानं त्यानीच खादं," धुरपदाबाई म्हणाली. "घरमा खानारा कितला, आसं इचारं. मी खरं सांगं."

त्याच्या वाट्याचं त्यानंच खाल्लं, हे हर्षदानं गुजरातीत सांगितलं. साहेबांना धुरपदाबाईची दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणला आणि सोपी वाट दाखवली. चौकशी नको, तक्रार नको. कुत्र्याला स्थलांतर लिहून पुढच्या राज्यात पाठवता येत नाही. पण नाव कमी करायचं आणखी एक कारण आहे. धुडकूपुढे मयत लिहितो. विषय संपला. त्यांनी लाल शाईचं पेन उघडलंसुद्धा.

"नही," धुरपदाबाई म्हणाली.

"बेन, मैं आपके फायदे की बात कर रहा हूँ."

"तो जित्ता शे, साहेब. जित्ता जीवले मरेल लिखू नका."

मागे अकोल्याकडच्या पुष्पाबाई उभ्या होत्या, त्याच वसाहतीतल्या. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "अवं लिवू दे ना माय! कुत्रं का कागद वाचते का? उद्या गाडी हाय तुयी."

धुरपदाबाईनं मागे वळून पाहिलंही नाही. साखळी तिच्या मुठीत इतकी आवळली गेली होती, की माझं बक्कल धुडकूच्या मानेत रुतलं. "दोन डाव मना घरमा मयत लिखाई गयं," ती म्हणाली. "ते खरं व्हतं. हाई खोटं शे."

कचेरीतलं हसू थांबलं.  हे गुजरातीत सांगायची गरजच नव्हती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पण नियम त्यांच्याही मानगुटीवर होताच. चौथ्याचा निकाल लागल्याशिवाय कार्ड रद्द होत नाही, कार्ड रद्द झालं नाही तर कागद कसा देऊ? साडेचार वाजले होते. पाचला कचेरी बंद, मग दोन दिवस सुट्टी. मला वाटलं, आता हिचा धीर सुटेल. वाटलं याची मला आज लाज वाटते. ती टेबलासमोर फतकल मारून बसली. धुडकू तिच्या मांडीवर डोकं टाकून पडला. रांग अडली. लोक कुरकुरायला लागले.

इतका वेळ राघो भिंतीशी उभा होता. त्याला अर्धंमुर्धंच ऐकू आलं होतं. हर्षदानं त्याच्या कानाशी सगळं सांगितलं. तो टेबलापाशी आला आणि आपल्या नेहमीच्या, साच्यांवरून ओरडणाऱ्या आवाजात बोलला. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं असेल.

"साहेब! आमी तीन जाई राहिनूत! आमनं काढा! त्यानं नाव राहू द्या! तो आठलाच शे! आमी बाहेरना!"

हर्षदानं चटकन गुजरातीत सांगितलं. तीन नावं कमी करा. चौथं राहू द्या. त्याचा जन्म इथलाच, सुरतेचा. हर्षदासुद्धा आजोळी जन्मलेली; त्या घरात सुरतेचा असा तोच एकटा होता.

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. एक पान, दुसरं पान. चारपैकी तिघं गाव सोडून गेले तर तिघांची नावं कमी करायला कुठेच मनाई नव्हती. त्यांनी तीन नावांवर रेघा ओढल्या, पुढे लिहिलं स्थलांतर. कागद केला, शिक्का मारला. मग त्यांचं पेन थबकलं. पहिलं नाव राघोचं होतं, कुटुंबप्रमुखाचं. प्रमुखाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. त्यांनी खाली वाकून धुडकूकडे नीट पाहिलं आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता तिथे लिहिलं, धुडकू राघो.

शनिवारी स्टेशनवर पार्सलच्या बाबूंनी दाखला वाचला आणि मला दोन बोटांनी खेचून पाहिलं. "मजबूत है," म्हणाले. धोट्याला टोले देत वर्षं काढलेल्याला हे सांगताय? पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्याभोवती चिठ्ठी बांधली गेली, सुरत ते दोंडाईचा. जाळीच्या खणात धुडकू बारडोलीपर्यंत रडला, व्यारापर्यंत कण्हला. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. तिथे कुणीतरी कडक माणूस येणार, कागद मागणार, म्हणून मी ताठ होऊन बसलो होतो. कुणीही आलं नाही. आली ती धुरपदाबाई, फलाटावरून पळत, हातात भाकरी. तिनं जाळीतून तुकडे आत सारले, तीन बोटं आत घालून माझ्याखालची मान खाजवली आणि शिट्टी झाली तशी परत पळाली.

आता आम्ही गावी आहोत. राघो दुसऱ्यांच्या शेतावर पाणी धरतो. धुडकूचं तोंड पांढरं झालंय, पायऱ्या चढताना तो थांबतो. मीही वाळलोय, भोकं फाकलीत, एकदा शिवलंय मला. गावातले म्हणतात, काढा आता तो पट्टा, इथे कोण पकडायला येतंय त्याला? धुरपदाबाई काढत नाही. मलाही निघायचं नाही. गुलामी म्हणणाऱ्यांनी इथे येऊन ते माझ्या तोंडावर म्हणावं.

मागणं एकच आहे, आणि तेही तुमच्याकडे नाही. सुरतेच्या त्या कचेरीत कधीतरी कुणी नवा माणूस बसेल. जुनी कार्डं चाळताना त्याला कोसाडचं एक कार्ड सापडेल. प्रमुख धुडकू राघो, कुटुंबात एकूण एक. रेशन उचललेलं नाही, दारात गेलं तर कुणी भेटत नाही. त्याला वाटेल, गेला असणार हा माणूस. त्याचा हात लाल पेनाकडे जाईल.

त्या बाबांना माझं सांगणं आहे, जरा थांबा. मी त्याच्या गळ्यात आहे. या घटकेला तो दारात उन्हात पडलाय, आणि त्याचा श्वास आत जातो तेव्हा मी ताणला जातो, बाहेर येतो तेव्हा सैल होतो. तो जिवंत आहे. मयत लिहू नका.