पंधरा किलो

वहिनींच्या गळ्याची हाडं वर आली होती. गाल बसले होते, कुडत्याच्या बाह्या दोनदा आत घेऊन झाल्या होत्या. कमरेखाली मात्र त्या होत्या तशाच होत्या. जणू दोन वेगळ्या बायका मधोमध जोडल्या होत्या. वरची उपाशी आणि खालची नुकतीच जेवून उठलेली.

सगळे त्यांना वहिनीच म्हणत. ग्रंथालयाच्या तळघरात त्या फाटकी पुस्तकं शिवून बांधायच्या, तिथेही त्या वहिनीच. मग दोन्ही गुडघे झिजले आणि तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर एवढंच त्यांचं जग उरलं. दवाखान्यापुरतं नवरा धरून खाली उतरवायचा; गुडघे बदलले तर पुन्हा एकटीने उतरता येणार होतं. पण हाडांच्या डॉक्टरांनी अट घातली होती: आधी पंधरा किलो उतरवा, मग ऑपरेशन.

या डॉक्टरांची कामाची एक पद्धत होती. बाहेर मदतनीस बाई वजन करून आकडा कागदावर लिहायच्या. गुडघ्यांचे एक्स-रे आत पडद्यावर आधीच लागलेले असायचे. डॉक्टर कागद बघायचे, पडदा बघायचे आणि मग वहिनींकडे बघायचे, टेबलाच्या पलीकडून जेवढ्या दिसत तेवढ्याच. पाय टेबलाखाली राहायचे.

घरी नणंद होती. तिची तिथे वेगळीच तपासणी चाले.

"खरं सांगा वहिनी, दुपारी माझा डोळा लागला की डबा उघडता ना?"

"उघडते की. वास घेते आणि झाकण लावते."

"वासाने पाय एवढे होत नाहीत."

"अगं, कशाला छळतेस तिला?" वर्तमानपत्रामागून नवरा म्हणे.

"छळत नाही दादा, राखण करते."

पायाला खुर्ची नुसती घासली तरी कळ मस्तकात जायची आणि दुसऱ्या दिवशी निळा डाग उमटायचा. वयात आल्यापासून पाय हे असेच. आईचेही असेच होते. आजवरच्या डॉक्टरांपैकी कोणी पाणी उतरवायच्या गोळ्या दिल्या, कोणी चालायला सांगितलं, एकाने तर "तोंडावर ताबा ठेवा" एवढंच म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली. कधीकधी वहिनींना वाटायचं, आपण खरंच चोरून खात असू आणि आपल्यालाच ते ठाऊक नसेल.

अखेर तो आकडा आला. मदतनीस बाईंनी काटा दोनदा तपासला आणि त्या हसल्या. नवऱ्याने वहिनींच्या पाठीवर हात ठेवला, चारचौघांत तो असं कधी करत नसे.

"शाबास वहिनी!" डॉक्टर म्हणाले. "आता तारीख पक्की करू. चला, इकडे पडा, एकदा पाय बघून घेतो."

नवऱ्याने आधार देऊन त्यांना तपासायच्या टेबलावर चढवलं. डॉक्टरांनी चादर बाजूला केली आणि कागदावरचा आकडा पुन्हा वाचला.

"वजन उतरलं कुठून?" त्यांनी विचारलं.

"जिथून उतरायला तयार होतं तिथून."

"इतक्या चरबीत चीर दिली तर जखम भरणं अवघड. पाय बारीक व्हायला हवेत. आणखी दहा-एक किलो..."

"कुठून काढू?" वहिनींनी बाही वर सरकवली. दंडाचं कातडं सैल लोंबत होतं. "इथून? का गालांतून? पाय सोडून सगळं संपलंय, डॉक्टर."

"ती खात नाही हो," नवरा मध्येच म्हणाला. "मी बघतो ना." हे तो कुणापुढे कधी बोलला नव्हता. वहिनींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"एकदा हात तरी लावून बघा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. वहिनींनी दात आवळले. सुजेवर पडतो तसा खड्डा काही पडला नाही. दोन्ही पाय हुबेहूब सारखे होते. मांस घोट्यापाशी येऊन एकदम थांबलं होतं आणि त्याखालची पावलं सडपातळ, एखाद्या तरुण मुलीची वाटावीत अशी. डॉक्टरांनी घोट्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग त्यांनी वरच्या मजल्यावरच्या, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर बाईंना फोन लावला.

"दोन्हीकडे सारखं. नाही, पावलं नाहीत. हो, दाबलं की दुखतं. थांब विचारतो. तुमच्या आईचे पाय?"

"असेच."

"हो म्हणतायत." बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. "काय म्हणालीस? परत सांग."

फोन ठेवून ते स्टुलावर बसले. "लिपेडेमा म्हणतात याला. चरबी पायांत अशी साठते, दुखते. बहुतेक बायकांनाच होतो, आईकडून मुलीकडे येतो. उपाशी राहून ती चरबी हटत नाही. आम्हाला शिकताना एखादी ओळ असेलही. मला आठवत नाही."

"म्हणजे मी चोरून खात नव्हते."

"नाही."

"मग गुडघे कधी करायचे?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आता आधी वरच्या डॉक्टर बाई बघतील. त्यांच्याकडेही याचे उपचार नाहीत, पुढे दुसऱ्या शहरात पाठवावं लागेल. किती दिवस जातील, सांगता येत नाही. तोवर ऑपरेशनच्या रांगेत तुमची जागा अडवून ठेवता येणार नाही मला."

"पण पंधरा किलो उतरवले ना मी!"

"हो," डॉक्टर म्हणाले. "उतरवलेत." त्यांनी चादर पुन्हा पायांवर ओढली, दोन्ही हातांनी, अगदी हलकेच.

टॅक्सीतून उतरून वहिनी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या.

"भूक लागलीय," त्या म्हणाल्या.

"वर चल, गरम करून देतो."

"वर पोचेपर्यंत दम नाही. इथेच आणा."

नवरा गेला. वरून नणंदेचा आवाज आला, "मिळाली का तारीख?" त्याने काय सांगितलं ते खाली ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने तो ताट घेऊन उतरला. येणारी-जाणारी माणसं भिंतीला चिकटून वाट काढत होती आणि वहिनी कुणाकडेही न बघता जेवत होत्या. ताट त्यांनी बोटांनी पुसून घेतलं.

"आता वर गेले की परत खाली कधी येईन कोण जाणे," त्या म्हणाल्या. "जरा बसू या का?"

नवरा शेजारी बसला. दार उघडंच होतं, समोर रस्ता चालू होता. नणंदेने वरून दोनदा हाक मारली. दोघांपैकी कुणीच ओ दिली नाही.