समोरच्या घरातली माणसं

समिधा आणि नागेश शारजाच्या अल नहदामध्ये राहायला आले तेव्हा शिवानी पोटात होती. बाळंतपणाला पेणहून समिधाची आई आली, पण व्हिजिट व्हिसा संपला तशी तिला परत जावं लागलं. नागेश दुबईत एका ट्रेडिंग कंपनीत होता, सकाळी निघायचा तो ट्रॅफिकमधून अंधार पडल्यावर यायचा. आई गेली त्याच आठवड्यात एका दुपारी शिवानी रडायची थांबेना. समिधाने दूध पाजून पाहिलं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, शेवटी स्वतःच रडायला लागली. तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या म्हातारबाई उभ्या होत्या, डोक्यावर पांढरी ओढणी, हातात तेलाची वाटी.

"मैं आऊँ अंदर?" असं म्हणत त्या आल्याच. बाळाला मांडीवर आडवं घेतलं, पोटावर कोमट तेल चोळलं, पाय दुमडून पोटाशी नेले. थोड्या वेळात शिवानी झोपली. मग त्या समिधाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अब तुम खाना खाओ."

त्या अन्वरी. मूळच्या मुलतानच्या. मुलगा अर्सलान अबू धाबीपलीकडे रुवैसला एका ठेकेदार कंपनीत टेक्निशियन होता, तिकडेच कॅम्पात राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. सून मुनिबा एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. मुनिबाला मूल नव्हतं आणि त्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे.

समिधा नोकरीवर परत रुजू झाली तेव्हा शिवानीला कुठे ठेवायचं हा प्रश्न पडलाच नाही. पुढे शिवानी दुबईत ऊद मेथाच्या शाळेत जायला लागली, तरी दुपारी स्कूल बसमधून उतरली की ती थेट समोरच्या घरात जायची. समिधाच्या घराची किल्ली त्यांच्याकडे, त्यांची समिधाकडे, असं चाललं होतं. समिधा त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, शिवानी दादी. समिधा वाल भिजवून मोड आणायची तेव्हा खाला सोलायला येऊन बसत. डाळिंब्या सोलता सोलता त्या मुलतानच्या आंब्यांबद्दल सांगत आणि समिधा पेणच्या गणपतींबद्दल. "चला जेवायला" एवढं मराठी त्यांना पक्कं येत होतं. ते त्या नागेशलाही ऐकवायच्या, आणि तो दर वेळी हसायचा.

समिधा अणुअभियांत्रिकी शिकली होती. पण अमिरातीत आल्यावर बरीच वर्षं तिने दुसऱ्यांचे अहवाल तपासण्यात घालवली होती. ती काम करायची ती दुबईतली कन्सल्टन्सी छोटी होती. मग एका वाहतूक कंपनीचं काम त्यांच्याकडे आलं. त्या कंपनीला अणुसामग्री वाहून नेण्याचा परवाना हवा होता. अर्जातला सुरक्षेचा भाग कन्सल्टन्सीने लिहायचा होता.

समिधाची बॉस प्रमोदिनी मॅडम. नागपूरच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"हा चॅप्टर तू लिहिणार आहेस," त्या म्हणाल्या. "पण तो लिहायचा तर कोणत्या धोक्यांपासून संरक्षण करायचं हे आधी कळायला हवं. ती माहिती प्रोटेक्टेड असते. ॲक्सेस मागावा लागतो."

"कंपनीच्या नावाने?"

"माणसाच्या नावाने. माहिती हवी आहे एवढ्यावर भागत नाही, तिच्यावाचून काम अडतंय हे दाखवावं लागतं. शिवाय वाचणारा माणूस भरवशाचा आहे का ते पाहतात. मी एकच नाव देणार आहे. तुझं."

समिधाला त्या दिवशी मेट्रोत जागा मिळाली तरी ती बसली नाही, इतका आनंद झाला होता. घरी येऊन तिने शिरा केला.

अर्जाबरोबर स्वतःबद्दल पुष्कळ काही सांगायचं होतं. कुठे कुठे राहिलात, कर्ज आहे का, नातेवाईक काय करतात. त्यात एक प्रश्न होता: तुमच्या घरी नियमित येणारे-जाणारे, दुसऱ्या देशाचे नागरिक असलेले निकटचे लोक कोण? हा प्रश्न सगळ्यांनाच असतो, मॅडम म्हणाल्या होत्या. त्यात विशेष काही नाही.

नागेशने मात्र ते वाचून मान हलवली. "लिहू नकोस. शेजारी आहेत, बस. शेजाऱ्यांची नावं कोण देतं?"

"ते नुसते शेजारी आहेत का?"

"तसं नाही गं. पण उगाच कशाला? इंडिया-पाकिस्तान म्हटलं की लोक दोनदा वाचतात."

"अरे, मी भरवशाची आहे का हेच तर विचारतायत. आणि मी पहिल्याच पानावर खोटं लिहू?"

नागेशने कागद तिच्याकडे सरकवला. तिचं बरोबर होतं आणि त्याला ते आवडलं नव्हतं.

समिधाने समोरच्यांना न सांगता त्यांची नावं दिली नाहीत. शनिवारी अर्सलान घरी असताना ती मुद्दाम समोर गेली. कामाबद्दल फार सांगता येत नव्हतं. एवढंच म्हणाली की ऑफिसच्या एका परवानगीसाठी जवळच्या लोकांची नावं द्यायची आहेत, कदाचित कोणी फोन करून विचारेल.

खाला तर खूशच झाल्या. "लिखो, लिखो! और लिखना कि बच्ची को मैंने पाला है."

मुनिबाने नवऱ्याकडे पाहिलं. अर्सलान जरा थांबून म्हणाला, "कोई बात नहीं, भाभी. इसमें छुपाना क्या है."

फोन आला तो अर्सलान रुवैसला ड्यूटीवर असताना. बोलणारा माणूस सभ्य होता, वेळ आहे का हे आधी विचारलं. समिधाला कधीपासून ओळखता, घरी कोण येतं-जातं, तुमचे भाऊ काय करतात. अर्सलानचा धाकटा भाऊ पाकिस्तानी फौजेत कारकून होता. त्याने ते सांगितलं. तो माणूस थँक यू म्हणाला आणि फोन ठेवला. झालं ते एवढंच.

पण अर्सलानच्या साइटच्या गेट पासचं नूतनीकरण त्याच सुमारास होतं, आणि या वेळी ते लांबलं. त्याच्याबरोबरच्या मुलांचे पास आले, याचा आला नाही. त्या फोनमुळे, की कंपनीच्या कारकुनाने कागद उशिरा पाठवले म्हणून, की उगाचच, हे शेवटपर्यंत कोणालाही कळलं नाही. त्याला तोवर गोडाउनमध्ये बसवून ठेवलं. तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

त्या संध्याकाळी समिधा शिवानीला घ्यायला समोर गेली. दार मुनिबाने उघडलं. शिवानीचं दप्तर आधीच भरून दाराशी ठेवलं होतं.

"समिधा," मुनिबा म्हणाली, "कल से बच्ची का कहीं और इंतजाम कर लो."

"खाला की तबीयत ठीक नहीं है क्या?"

"अम्मी ठीक हैं." मुनिबाने आतल्या खोलीकडे पाहिलं, तिथलं दार लोटलेलं होतं. "अर्सलान का पास रुका हुआ है. हमारा सब कुछ उसी नौकरी पे है. तुमने गलत नहीं किया, मैं जानती हूँ. पर डर लगता है." तिने ओढणीत गुंडाळलेली समिधाच्या घराची किल्ली पुढे केली. समिधाला ती घ्यावी लागली.

आतून खालांचा आवाज आला, "मुनिबा, बच्ची ने दूध नहीं पिया." मुनिबाने दप्तर उचलून समिधाच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी समिधा मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "मॅडम, माझं नाव मागे घेता येईल का?"

प्रमोदिनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घेता येईल. क्लायंटला सांगावं लागेल, काम बहुतेक जाईल. ते मी पाहीन. पण तुला वाटतंय तसं होणार नाही, समिधा. फोन येऊन गेला. तो परत जात नाही. तू माघार घेतलीस तर उलट विचारतील, का घेतली म्हणून."

समिधा खुर्चीत बसून राहिली. मग उठून आपल्या जागेवर गेली आणि तिने नाव मागे घेतलं नाही. पुढे तिने या क्षणाचा खूप विचार केला. मॅडमचं म्हणणं खरंच होतं. पण तिला ते काम हवं होतं, हेही तितकंच खरं होतं.

शिवानीला बिल्डिंगजवळच्या डे-केअरमध्ये घातलं. पहिले काही दिवस ती विचारायची, "व्हाय कान्ट आय गो टू दादी?" समिधा सांगायची, दादीला बरं नाही. मग एकदा लिफ्टपाशी दादी भेटल्या, धडधाकट, हातात भाजीची पिशवी. शिवानी धावत जाऊन बिलगली. खालांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि तिच्या केसांतून हात फिरवला. समिधाशी त्या फार बोलल्या नाहीत. "दुबली हो गई हो," एवढंच म्हणाल्या. शिवानी घरी येऊन म्हणाली, "यू लाइड. शी इज फाइन."

ॲक्सेस मंजूर झाला. ऑफिसात मॅडमनी सगळ्यांसाठी कुनाफा, ती अरबी मिठाई, मागवला. समिधा आता ठरलेल्या दिवशी वाचायच्या खोलीत जायची. बाहेर फोन, घड्याळ, पर्स ठेवायची. आत एक टेबल, एक दिवा, खिडकी नाही. तिथे तिने जे वाचलं ते तिने कोणालाही सांगितलं नाही, नागेशलाही नाही. घरी जेवताना तो विचारायचा, "कसं झालं?" ती म्हणायची, "झालं." वर्षानुवर्षं त्यांच्यात ऑफिसच्या गप्पा होत असत, त्या बंद झाल्या. तिला काम जमत होतं. चॅप्टर चांगला होत होता, हे तिला लिहितानाच कळत होतं. घरी परतताना मात्र ती समोरच्या दारापाशी पाय न वाजवता चालायची.

मधे अर्सलानचा पास आला. मुनिबाने हे सांगितलं नाही, नागेशला तो पार्किंगमध्ये भेटला तेव्हा कळलं. समिधाला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. तिने वाल भिजत घातले. मोड आले, सोलून झाले, बिरडं झालं. डबा घेऊन ती समोर गेली, बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता. तो बंद झाला. दार उघडलं नाही.

थंडी सरताना खाला आजारी पडल्या, या वेळी खरोखरच. किडनीचं काहीतरी होतं. इथला इलाज परवडेना म्हणून त्यांना मुलतानला न्यायचं ठरलं. समिधाला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, खाली टॅक्सीत बॅगा चढवताना तिने अर्सलानला पाहिलं. हातातला टॉवेल तसाच टाकून ती धावली. शिवानीला हाक मारली, लिफ्टची वाट न पाहता दोघी जिन्याने उतरल्या.

खाला मागच्या सीटवर बसल्या होत्या. चेहरा सुजला होता. काच खाली होती. शिवानीने पायांच्या बोटांवर उभं राहून दोन्ही हात आत घातले.

"आर यू कमिंग बॅक?" तिने विचारलं.

"इन्शाल्ला," खाला म्हणाल्या. "तुम बड़ी मत हो जाना तब तक."

समिधा म्हणाली, "खाला, माफ करा." घाईत ती मराठीतच बोलली. खालांना शब्द कळले की नाही कोण जाणे. त्यांनी तिचा हात धरला, गालाला लावला. अर्सलान गाडीच्या पलीकडे तोंड फिरवून उभा होता. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "अम्मी, फ्लाइट है." टॅक्सी गेली.

चॅप्टर पूर्ण झाला, अर्ज दाखल झाला, प्रश्नोत्तरं झाली. परवाना मिळाल्याचं कळलं त्याच आठवड्यात नागेश एका संध्याकाळी घरी आला आणि बूट न काढता दारात उभा राहिला.

"अर्सलान खाली भेटला," तो म्हणाला. "खाला गेल्या. मुलतानलाच. दहा-बारा दिवस झाले म्हणे."

समिधाने गॅस बंद केला. ओढणी घेतली आणि समोरची बेल वाजवली. या वेळी दार उघडलं. मुनिबा बाजूला झाली. समिधा आत जाऊन सतरंजीवर बसली, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. मुनिबा सांगत होती, शेवटी शेवटी त्या शिवानीलाच हाक मारायच्या, तिकडच्या लोकांना वाटायचं कोण ही. अर्सलानने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि तो आतल्या खोलीत गेला.

बऱ्याच वेळाने मुनिबाने डोळे पुसले. "एक बात पूछूँ? तुम आज आईं, ये भी लिखना पड़ेगा?"

समिधाला नाही म्हणता आलं असतं. ॲक्सेस अजून चालू होता. दर वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारले जाणार होते.

"येत-जात राहिले तर लिहावं लागेल," ती हिंदीत म्हणाली. "हाँ."

मुनिबाने मान डोलावली. चिडली नाही. "तो मत आया करो," ती म्हणाली, आणि समिधाच्या खांद्यावरची ओढणी घसरली होती ती नीट केली. "अर्सलान को फिर दो साल में पास रिन्यू कराना है."

समिधा उठली. दार ओढून घेताना तिला आत मुनिबा पुन्हा रडायला लागल्याचं ऐकू आलं. ती क्षणभर थांबली, पण परत गेली नाही.

घरी शिवानी टेबलाशी बसून चित्राला रंग देत होती. नागेशने तिला काही सांगितलं नव्हतं, ते समिधासाठीच राहिलं होतं. समिधा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"शिवानी, दादी गेल्या," ती म्हणाली.

शिवानीने वर पाहिलं. "गेल्या म्हणजे व्हॉट? डाइड?"

"हो."

शिवानीने रंगाची पेन्सिल खाली ठेवली. मग तिने विचारलं, "वॉज शी अँग्री विथ अस?"

समिधा म्हणाली, "नाही. अजिबात नाही," आणि तिला जवळ घेतलं.