बाहेरच उजळलेले जंतू

संशोधक लग्नापासून बायकोच्या माहेरी राहत होता. घरजावई हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे, आणि तो इतक्या काळजीने टाळला जाई की सगळ्यांना ऐकू येई.

प्रयोगशाळेत त्याच्याकडे आतड्यांचा ताप आणणारे जंतू होते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी हे जंतू गिळतात. गिळलेला जंतू पेशीच्या पोटात एका पिशवीत अडकतो. पिशवीत आम्ल वाढतं, मॅग्नेशियम आटतं. जंतूच्या अंगावरची प्रथिनं ही खूण ओळखतात, आणि मग तो मुकाट्याने नवा संसार मांडतो: ठेवणीतली जनुकं चालू करतो, वरचं आवरण बदलतो, पिशवीच्या भिंतीतून बारीक नळ्या खुपसून खुद्द पेशीलाच कामाला लावतो. आपण कुठे येऊन पडलोय, हे त्याला फार लवकर कळतं. संशोधकाला सासरी आपला टॉवेल कुठे वाळत घालायचा हे कळायला पहिला हिवाळा गेला होता.

त्या ठेवणीतल्या जनुकांना त्याने हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं होतं. जंतू पेशीत शिरले की उजळायचे, बाहेर असले तर काळेच राहायचे. निदान तसं ठरलं होतं. पण सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात बाहेरचेही उजळत होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पडद्यावरचं चित्र पाहिलं. "हे बाहेरचेच दिवाळी असल्यासारखे दिवे लावून बसलेत. आत गेल्यावर काय कळलं त्यांना, कसं सांगणार तुम्ही?"

"नाही सांगता येणार."

"शुक्रवारी स्वच्छ चित्र दाखवा. नाहीतर हे काम पलीकडच्या टेबलाला देते. आणि मग तुमच्या नेमणुकीला मुदतवाढ कशाच्या नावावर मागू, ते तुम्हीच सुचवा."

चूक कुठे होती, ते त्याला माहीत होतं. जंतू वाढवायचं यंत्र दिवसभर इतरांच्या ताब्यात असे. त्याची पाळी दुपारी चारला येई. रात्री आठच्या सुमारास जंतू भर उमेदीत येत, आणि तेव्हाच ते पेशींना खायला घालायला हवे होते. पण हा साडेसहाला घरी निघे आणि सकाळी येऊन पाही. तोवर नळीत दाटी झालेली, अन्न संपलेलं, रस आंबलेला. जंतूंना वाटे, आपण पेशीच्या पोटात पोचलो. ते बिचारे इमानदारीने उजळत.

साडेसहाला निघायचं, कारण सासरी साडेसातला ताटं वाढली जात. त्याने लग्नापासून एकदाही उशीर केला नव्हता.

"तू सांग ना आईंना," तो बायकोला म्हणाला.

"मी का? जंतू तुझे."

बुधवारी त्याने पहिला घास गिळला आणि म्हणाला, "आई, उद्या मला जेवायला नऊ वाजतील. प्रयोग आहे."

सासूबाईंचा हात वाडग्यावर थांबला. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"मग आपणही नऊलाच बसू," सासरे म्हणाले. "पूर्वीसारखे."

"पूर्वीसारखे म्हणजे?"

"अहो, या घरात नऊच्या आधी कोण जेवलंय कधी?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही आलात त्या दिवशी साडेसातला सारखे घड्याळाकडे बघत होतात. म्हटलं, लवकर जेवायची सवय दिसते. तोंडाने काही मागायचे नाहीत."

"ते घड्याळ बंद आहे की काय, ते मी बघत होतो."

"बंदच होतं," सासरे म्हणाले. "तेव्हापासून मी भूक नसताना जेवतोय."

"बाबा, मग बोलायचं नाही का?" बायको म्हणाली. "मला वाटलं, तुमचं तिघांचं काहीतरी ठरलंय."

"बोलायचं कोणी? जावयाला उपाशी ठेवलं म्हणायला तू मोकळी."

संशोधकाने दुसरा घास घेतला. त्यालाही भूक नव्हती, पण हे आता सांगण्यात अर्थ नव्हता.

गुरुवारी आठला त्याने नळी काढली. जंतू तरणे होते, काळे होते. त्याने ते पेशींना खायला घातले, बाकीचं आवरलं आणि घरी जाऊन सगळ्यांबरोबर पोटभर जेवला.

शुक्रवारी मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. पेशींच्या बाहेर काळोख होता. पेशींच्या आत हिरवे ठिपके होते.

"हं," त्या म्हणाल्या. "असंच अजून दोनदा करा."

"म्हणजे काम माझ्याकडेच?"

"पलीकडचं टेबल पाचला उठतं. त्याला आठपर्यंत कोण बसवणार?"

त्याने घरी फोन लावला. "आई, पुढचा आठवडाभर उशीर होईल."

"होऊ दे. बरं, आता विचारूनच घेते. तुमच्या चहात साखर बरोबर असते ना? मी आपली अंदाजाने घालतेय."

त्याने थोडा विचार केला.

"अजून एक चमचा चालेल," तो म्हणाला.